कोरा उंबरा

सान बेनिग्नो गावच्या वरच्या गल्लीत अकरा घरं आहेत आणि अकरा उंबरे. त्या उंबऱ्यांत मिळून चौतीस जीवाश्म बसवलेले आहेत: मेंढ्याच्या शिंगासारखं वेटोळं झालेले समुद्रातले अमोनाइट एकोणतीस, शिंपले चार, आणि एका माशाचा मागचा अर्धा भाग. पुढचा अर्धा कुठे गेला हे कोणी विचारत नाही. सर्वांत मोठे तीन अमोनाइट तेओदुलोच्या उंबऱ्यात आहेत. त्याला लागूनच असलेल्या क्रिसांतो न्हाव्याच्या उंबऱ्यात एकही नाही. तिथे गुळगुळीत सिमेंट आहे, आणि ते ओलं असताना त्यावरून चालत गेलेल्या कोंबडीचं एक पाऊल.

"हे पाऊल जपा बरं का, दाजी," तेओदुलो दर सणाला, पाहुण्यांदेखत, म्हणायचा. "दहा कोटी वर्षांनी याला किंमत येईल."

तेओदुलो हा क्रिसांतोच्या बायकोचा सख्खा भाऊ, त्यामुळे त्याला मारता येत नव्हतं.

उंबऱ्यात दगड बसवण्याचे गावाचे नियम कुठेही लिहिलेले नव्हते, म्हणूनच ते कोणाला मोडता येत नसत. पहिला नियम असा, की दगड डोंगरावरून स्वतःच्या पायांनी जाऊन आणलेला हवा. स्वतःच्या घरात किंवा अंगणात निघालेला दगड मोजत नाहीत. आपल्याच कोंबडीचं अंडं उचलून कोणी शिकार केली म्हणत नाही. दुसरा नियम असा, की दगडाला नाव हवं. गावदेवाच्या, म्हणजे संत बेनिग्नोच्या, सणाला शेजारीपाजारी दारात जमतात, गल्लीतली सर्वांत म्हातारी बाई दगडाकडे बोट दाखवून विचारते, "हा कोण?" आणि घरमालकाने एका दमात उत्तर द्यायचं असतं. "असेल कोणीतरी" म्हणून चालत नाही. उत्तर पटलं तरच सिमेंट कालवतात.

क्रिसांतो लग्न झाल्यापासून दर रविवारी, प्रार्थना आटोपली की, हातोडी घेऊन लोमा सेकाच्या डोंगरावर जात होता. इतरांनी तिथल्या दगडांवर हातोडी मारली की आतून समुद्र निघायचा. क्रिसांतोने मारली की दगडाच्या आतून दगड निघायचा. यात डोंगराचा काहीतरी वैयक्तिक आकस आहे असं त्याचं ठाम मत होतं.

आणि मग तो दगड सापडला. सापडला तो मात्र लोमा सेकावर नाही.

झालं असं, की आनातिल्दे, म्हणजे क्रिसांतोची बायको, दोन पावसाळे त्याच्या मागे लागली होती. स्वयंपाकघराचं सांडपाणी अंगणात साचत होतं, तेव्हा मागे, शेजारच्या भिंतीशी एक खड्डा खणून द्या. सणाला आठवडा उरला असताना, दुकान बंद असण्याच्या दिवशी, क्रिसांतोने अखेर कुदळ हातात घेतली. कमरेएवढं खणून झाल्यावर काळा, पापुद्र्यांचा खडक लागला, आणि त्यात कुदळ खणकन वाजली.

बाहेर आला तो मुठीएवढा, जड, काळपट दगड. सुताच्या रिळासारखा: दोन्ही टोकांना चपट्या तबकड्या आणि मध्ये कंबर बारीक. त्या कमरेच्या एका बाजूला शेजारी शेजारी दोन गोल भोकं.

क्रिसांतोने तो दगड धुतला, दाताच्या ब्रशने घासला, पुन्हा धुतला.

"अहो, तो ब्रश माझा आहे," आनातिल्दे म्हणाली.

"अगं, ब्रशाचं काय घेऊन बसलीस! बघ तरी हे काय आहे!"

"काय आहे?"

"ते माहीत नाही. पण काहीतरी आहे!"

"आणि कुठे मिळालं म्हणून सांगणार?"

क्रिसांतोने खड्ड्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं. "लोमा सेकावर."

"आणि माझा खड्डा?"

"खड्डा कुठे पळून जातोय?" असं म्हणून त्याने खड्ड्यावर दोन फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर कपडे धुण्याचं मोठं घंगाळ आणून ठेवलं. आता आनातिल्देकडे खड्डाही नव्हता आणि उपसलेल्या मातीच्या ढिगामुळे घंगाळाकडे जायला वाटही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दगड दुकानातल्या आरशापुढे मांडला गेला. पहिलं गिऱ्हाईक होतं मिसाएल बेकरीवाला. त्याच्या गालांना साबण फासून झाल्यावर क्रिसांतोने वस्तरा त्याच्या गळ्याखाली टेकवला आणि म्हणाला, "मिसाएल, नीट बघून सांग. हे काय आहे?"

"तुला काय वाटतं?" मिसाएलने ओठ न हलवता विचारलं.

"मला नाही, तुला काय वाटतं ते सांग."

"डा... डायनासोर."

"कुठला भाग?"

"तू म्हणशील तो."

संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाने डायनासोरच सांगितला. क्रिसांतोला एवढंच खटकलं, की मिसाएल पैसे देऊन रस्ता ओलांडून गेला आणि पलीकडच्या फुटपाथवरून मोकळ्या गळ्याने ओरडला, "विजेचा प्लग आहे रे तो! फक्त तार शोध!"

तेओदुलो दाढी घरीच करायचा, त्यामुळे त्याच्या मताला कसलीच भीती नव्हती. तो आला, दगड उचलला, भोकं समोर धरली आणि खो खो हसत सुटला. "दाजी, हे तर डुकराचं नाकाड! बघा की! बाकीचं डुक्कर कुठे ठेवलंत?"

"हे नाकाड आहे?" क्रिसांतोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नाकाला हाड असतं का, मेव्हणे? डुकराच्या नाकात कूर्चा असते, कूर्चा! तिचा दगड होईपर्यंत ती शिल्लक तरी राहील का?"

"मग हे विशेष डुक्कर असणार. सणाला म्हाताऱ्या सातुर्यामावशींनी विचारलं, 'हा कोण?' की सांगा, 'डुकराचे नाकाडे सरकार.'"

दोन दिवसांत गावभर नाकाड झालं. बेकरीत मिसाएलने दोन भोकांचा पाव काढला आणि तो खपला. गुरांचा डॉक्टर म्हणाला गायीच्या घोट्याचं हाड. फादर म्हणाले जुन्या काळच्या एखाद्या धिप्पाड माणसाचं बटण. क्रिसांतोला नाकाडापेक्षाही बटणाचा जास्त राग आला, कारण फादर मनापासून म्हणाले होते.

"मला अडाणी समजतात!" तो घरात येरझाऱ्या घालत होता. "स्वतःच्या उंबऱ्यात अर्धा मासा पुरून ठेवणारी माणसं मला शिकवणार!"

"अर्ध्या माशाला नाव तरी आहे," आनातिल्दे म्हणाली. "चांग्वा गार होतोय, प्या आधी."

क्रिसांतोने दुधाचं ते सूप तसंच ठेवलं आणि शेजारच्या गावातल्या जीवाश्मांच्या संग्रहालयाला फोन लावला. तिथल्या शास्त्रज्ञ योहानाबाई शनिवारी मोटरसायकलवरून आल्या. वय तिशीच्या आतलं, बुटांना चिखल, गळ्यात भिंग. दारात तोवर अर्धी गल्ली जमली होती आणि त्यात सर्वांत पुढे, खुर्ची टाकून, सातुर्यामावशी. सणाला "हा कोण?" हे विचारण्याचा मान त्यांचा होता, आणि तो दुसऱ्या कोणाला मिळावा म्हणून लवकर मरणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

योहानाबाईंनी दगड हातात घेतला. वळवून पाहिला. भिंगातून पाहिला. मग जीभ बाहेर काढली आणि चाटला.

"अगं बाई!" आनातिल्दे किंचाळली. तो दगड कशाच्या खड्ड्यातून आलाय हे त्या गर्दीत तिलाच ठाऊक होतं.

"चिकटली," योहानाबाई शांतपणे म्हणाल्या.

"काय चिकटलं?"

"जीभ. हाडाला बारीक बारीक छिद्रं असतात, ती ओल ओढून घेतात, म्हणून जीभ चिकटते. साधा दगड चिकटत नाही. हे हाड आहे."

"आणा इकडे," तेओदुलो म्हणाला आणि त्याने चाटला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, पण तो नाही म्हणू शकला नाही. मग मिसाएलने चाटला, फादरनी रुमालाने पुसून चाटला. सातुर्यामावशींनी दोनदा चाटला. दुसऱ्यांदा का, हे त्यांनी सांगितलं नाही.

"हा मानेचा मणका आहे," योहानाबाई सांगू लागल्या. "ही खालची बाजू. ही दोन भोकं रक्तवाहिन्यांची. इथे समुद्र होता तेव्हा त्यात लांब मानेचे, वल्ह्यांसारख्या चार पायांचे मोठे सरपटणारे प्राणी पोहायचे. प्लेसिओसॉर म्हणतात त्या घराण्याला. काका, गल्लीत कुणाच्याच उंबऱ्यात असं काही नाही."

क्रिसांतोने तेओदुलोकडे पाहिलं. त्या पाहण्यात सगळ्या रविवारांचं ऊन होतं.

"पण नाव काय त्याचं?" सातुर्यामावशींनी विचारलं.

"नाव इतक्यात नाही सांगता येणार, आजी. या घराण्यात बरेच आहेत. एका मणक्यावरून घराणं कळतं, बस."

"म्हणजे आडनाव कळलं, नाव नाही," मावशी म्हणाल्या. "चालणार नाही."

"नाव कसं कळेल?" क्रिसांतो कासावीस झाला.

"जागा दाखवा. मणका एकटा नसतो, बाकीचे आसपास असतात. कुठे मिळाला?"

आनातिल्देने पदर नव्हता म्हणून अंगावरच्या रुआनाची, त्या लोकरी शालीची, कड दातांत धरली.

"लोमा सेकावर," क्रिसांतो म्हणाला.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळा गाव लोमा सेकावर होता. आपली जागा कोणी कधी कोणाला दाखवत नसे, त्यामुळे एवढा मोठा माणसांचा मेळा त्या डोंगराने पाहिला नव्हता. बायकांनी आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजून आणल्या होत्या, कोणीतरी गुळाचं गरम पाणी आणलं होतं. क्रिसांतो पुढे, योहानाबाई मागे, आणि त्यांच्या मागे हातोड्या. क्रिसांतो चालत राहिला, कारण थांबायचं कुठे हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी एका निवडुंगाशी त्याचे पाय दुखले म्हणून तो थांबला.

"ही जागा," तो म्हणाला.

"नक्की?"

"डोळे मिटून सांगतो."

तेओदुलोने निवडुंगाच्या बुंध्याशी एक हातोडी मारली. दगड दोन फाकांत उघडला आणि आत जेवणाच्या ताटाएवढा अमोनाइट, वेटोळ्यावर वेटोळं, एकही ओरखडा नाही.

"माझ्या जागेवर!" क्रिसांतो ओरडला. तो खरोखर, आतड्यापासून, संतापला होता. "माझ्या जागेवर तुम्ही हातोडी कशी मारली, मेव्हणे? विचारलंत मला?"

"दाजी, जागा तुमची, दगड माझा," तेओदुलो म्हणाला आणि अमोनाइट बायकोच्या टोपलीत ठेवला.

त्यानंतर दुपारपर्यंत निवडुंगाभोवती एवढं खणलं गेलं की निवडुंग आडवा झाला. हाडाचा तुकडासुद्धा निघाला नाही. योहानाबाई मात्र खणत नव्हत्या. त्या मणक्याच्या एका भोकात सुई घालून काहीतरी कोरत होत्या.

"काका, हे बघा. इथला सगळा खडक पिवळा, चुन्याचा. तुमच्या मणक्याच्या भोकात अडकलाय तो काळा, पापुद्र्यांचा. हा मणका इथला नाही."



"मग सोपं आहे," तेओदुलो म्हणाला. "दाजींनी विकत आणला. कुठून तरी, कुणाकडून तरी. डोंगरावर गेले नाहीत, बाजारात गेले. उंबऱ्यासाठी माणूस काय काय करतो!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. सान बेनिग्नोत विकत आणलेला दगड म्हणजे उसन्या नवऱ्याबरोबर काढलेला लग्नाचा फोटो. मिसाएल खाली बघू लागला. सातुर्यामावशी डोंगरावर आणवलेल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "क्रिसांतो, हे खरं असेल तर तुझ्या दारात यापुढे मी विचारायला येणार नाही."

"विकत?" क्रिसांतोचा आवाज चिरकला. "मी विकत आणला? मी खोटारडा? अरे, या हातांनी खणून काढलाय मी तो! घाम गाळून! कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून! माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या अंगणात, सांडपाण्याच्या खड्ड्यात सापडलाय तो मला, आणि तुम्ही मला खोटारडा म्हणता?"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या कानांनी त्याला सांगितलं.

"सांडपाण्याच्या?" फादरनी विचारलं आणि रुमाल शोधू लागले.

"कोरडाच आहे हो अजून खड्डा," आनातिल्दे म्हणाली. "दोन वर्षं मागे लागलेय, तरी कोरडाच आहे."

तासाभरात सगळा गाव क्रिसांतोच्या अंगणात होता. घंगाळ हलवलं, फळ्या काढल्या. योहानाबाई खड्ड्यात उतरल्या आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज वर आला: "आहे! दुसरा आहे. तिसरा आहे. अहो, रांगच आहे!"

"अंगणातला," वरून सातुर्यामावशींनी निकाल दिला. "मोजत नाही."

"आणि मोजला असतात तरी सिमेंटमध्ये बसवू दिला नसता मी," खालून योहानाबाई म्हणाल्या. "हाडं देशाची असतात, काका."

"देशाची? माझ्या अंगणातली?"

"हो."

"मग खड्डा कोणाचा?"

"खड्डा तुमचा."

क्रिसांतो खड्ड्याच्या काठावर बसला. इतका अन्याय एकाच दिवशी एकाच माणसावर झाल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. सातुर्यामावशींना बहुतेक थोडी दया आली. "हे बघ," त्या म्हणाल्या, "उंबऱ्याचं उंबऱ्यापाशी. पण एवढं मोठं जनावर गावात निघालंय, त्याला गाव काहीतरी म्हणणारच. ज्याच्या घरात डोकं निघेल त्याचं ते जनावर म्हणू. आजोबांच्या वेळेपासून गायीचंही असंच ठरवतात. कुंपणात अडकली, तर डोकं ज्याच्या शेतात, गाय त्याची."

क्रिसांतो उठून उभा राहिला. 'क्रिसांतोचा प्लेसिओसॉर.' हे अमोनाइटपेक्षा मोठं होतं. अख्ख्या उंबऱ्यापेक्षा मोठं होतं. "डोकं कुणीकडे आहे, बाई?"

योहानाबाईंनी ब्रशने मणके मोकळे केले. "मानेचे मणके डोक्याकडे लहान लहान होत जातात. हा मोठा... हा त्याहून लहान... हा आणखी लहान..." त्यांचं बोट सरकत सरकत भिंतीला टेकलं. भिंतीपलीकडे तेओदुलोचं स्वयंपाकघर होतं.

"दाजी," तेओदुलो हळूच म्हणाला, "डोकं आमच्याकडे."

पुढचा महिना क्रिसांतोने दात ओठ खात काढला. सण आला आणि त्याचा उंबरा कोराच ठेवून गेला. त्याच्या अंगणातून धड निघालं, चार वल्ही निघाली, शेपूट निघाली, आणि प्लास्टरमध्ये गुंडाळून मागच्या फाटकाने संग्रहालयाकडे गेली. आनातिल्देला मात्र एकदाचा खड्डा मिळाला, तोही घोड्याला पोहता येईल असा. तिकडे तेओदुलोने चूल स्वतःच्या हाताने उखडून दिली होती. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून स्वयंपाकघर दाखवायचा. "दाजींकडचं बघून आलात? तिकडे शेपूट आहे. डोकं इकडे. दात सगळेच्या सगळे. 'तेओदुलोचा प्लेसिओसॉर.' पुस्तकात असंच छापणार आहेत."

"मणका कोणी काढला?" क्रिसांतो भिंतीवरून ओरडायचा. "पहिला मणका कोणी काढला?"

"नाकाड म्हणायचंय का तुम्हाला, दाजी?"

मरताना त्या जनावराची मान वळून डोक्याभोवती आली होती, कुत्रं झोपतं तशी. वेगळी काढायची सोय नव्हती. म्हणून योहानाबाईंनी मान आणि डोकं मिळून एकच ठोकळा कापला आणि त्यावर प्लास्टरचे थर दिले. ठोकळा सुकला. उचलायला आठ माणसं आली. त्यांत मिसाएल होता आणि, बोलावलेलं नसताना, क्रिसांतोही होता.

"कुठून न्यायचा?" योहानाबाईंनी विचारलं. "मागे फाटक आहे का?"

"नाही," तेओदुलो म्हणाला. "सगळं अंगण आम्ही स्वयंपाकघरात घेतलं. गल्लीत एवढं मोठं स्वयंपाकघर कुणाचंच नाही."

"मधली भिंत पाडून यांच्या अंगणातून?"

"तिच्यावर स्वयंपाकघराचं सगळं छप्पर आहे."

"खिडकी?"

"धूर जाण्यापुरती."

"म्हणजे रस्त्याकडचं दार. चौकट दगडी आहे ना? उंबरा धरून एकसंध?"

"आजोबांच्या हातची," तेओदुलो अभिमानाने म्हणाला. "एकच दगड, खालपासून वरपर्यंत. काढायची म्हटली तर फोडावीच लागेल. तशी वेळ कशाला येतेय म्हणा."

योहानाबाईंनी खिशातून मोजपट्टी काढली. एक टोक क्रिसांतोने धरलं. त्याने ते अगदी घट्ट आणि अगदी सरळ धरलं.

प्लास्टरसकट ठोकळा, अरुंद बाजूने: सत्त्याण्णव सेंटीमीटर.

दार: ब्याऐंशी.